सोळा फूट खाली

"आजोबा, हाच घ्या! बघा किती जाड आहे!"

भिंगरीनं दुकानाच्या कोपऱ्यातला जस्त चढवलेला लोखंडी पाइप दोन्ही हातांनी कवटाळला होता. मनगटापेक्षा जाड, पण उंचीला जेमतेम तिच्या खांद्याएवढा. भिंगरी माझी नात, वय बारा. एका जागी सलग दोन मिनिटं उभी राहिलेली तिला कुणी पाहिलेलं नाही, म्हणून ती भिंगरी.

"आणि हा?" मी भिंतीला टेकवलेला तांब्याचा मुलामा दिलेला रॉड दाखवला. बोटाएवढा जाड, पण आठ फूट लांब, दोन्ही टोकांना आटे पाडलेले.

"तो? तो तर वाकेल. त्याच्यात काही दम नाही."

"तुझ्या आईच्या मातीचा ढीग आठव. वरची माती कशी असते?"

"भुगा. फुंकर मारली तर उडते."

"आणि कोपरापर्यंत हात घातला तर?"

"गार. ओली." ती थांबली. पाइपाकडे बघितलं, मग रॉडकडे. "म्हणजे जाड्या वरच्या भुग्यातच बसणार. आणि बारक्या ओलीपर्यंत जाणार?"

"विजेला ओली माती आवडते, कोरडी आवडत नाही. आणि रॉड दुप्पट जाड केला तर फायदा थोडासाच होतो. दुप्पट लांब केला तर भरपूर होतो."

"मग आधी सांगायचं ना! मी उगाच त्याला मिठी मारली."

दुकानदार काउंटरवर कोपरं टेकून ऐकत होता. "काका, तुमची शाळा सुटली की सांगा. मी तोवर गिऱ्हाइकं बघतो."

"शाळा सुटली. हा लांब रॉड दे, त्याचा क्लॅम्प दे, आणि वर लावून ठोकायचा टोपीसारखा बोल्ट दे."

रॉडचं एक टोक मी खांद्यावर घेतलं, दुसरं भिंगरीनं. आठ फुटांचा रॉड घेऊन वळण घेणं सोपं नसतं. दुकानातून निघताना आम्ही एक बादली पाडली आणि एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

"आजोबा, तीन वाजेपर्यंत होईल ना?" मागून तिसऱ्यांदा प्रश्न आला.

"होईल."

"नक्की?"

तिच्या 'नक्की'मागे काय होतं ते सांगतो. माझी लेक मातीकाम करते. भांडी, कुंड्या, फरशा. इतकी वर्षं ती भाजायला दुसऱ्यांच्या भट्टीवर जायची. या वर्षी तिनं घराच्या मागच्या खोलीत स्वतःची विजेची भट्टी बसवली. भट्टीत पहिलाच घाणा तयार होता: बेचाळीस फरशा. भिंगरीच्या वर्गातल्या बेचाळीस मुलांनी रंगवलेल्या. त्या रुग्णालयातल्या लहान मुलांच्या वॉर्डात लागणार होत्या. गवंडी रविवारी येणार होता आणि आज बुधवार होता. भट्टी तापायला एक दिवस, गार व्हायला दोन.

बेचाळिसाव्या फरशीची चित्रकार त्याच वॉर्डात होती. भिंगरीची बाकावरची मैत्रीण. तिचा पाय मोडला होता, वजनं लावून टांगून ठेवला होता, आणि महिनाभर तिच्या पलंगासमोर एक पांढरी भिंत होती. "त्या भिंतीवर एक डागसुद्धा नाही," ती भिंगरीला म्हणाली होती. "मी रोज शोधते." भिंगरीनं तिला शब्द दिला होता. रविवारी भिंतीवर फरशा लागणार.

पण भट्टीची जोडणी वीज खात्याच्या इन्स्पेक्टरबाईंनी तपासून सही केल्याशिवाय चालू होणार नव्हती. त्या आज तीनला येणार होत्या. पुढची फेरी पंधरा दिवसांनी. बाकी सगळं मी व्यवस्थित करून ठेवलं होतं. राहिलं होतं अर्थिंग.

आमच्या जुन्या घराचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी नळाला जोडलेलं. पूर्वी बऱ्याच घरांचं तसंच असायचं. पण आता आमच्या गल्लीतले नळ बदलून प्लास्टिकचे टाकायला सुरुवात झाली होती. गल्लीच्या तोंडाशी खणलेलंच होतं. प्लास्टिकमधून वीज जमिनीत जात नाही. तेव्हा ज्या दिवशी आमच्या दारापर्यंत प्लास्टिक येईल, त्या दिवशी आमचं अर्थिंग संपलं. म्हणून नवा रॉड.

मागच्या अंगणात लेक घण घेऊन तयारच होती. केस बांधलेले, बाह्या वर. वर्षानुवर्षं माती तिंबून तिचे दंड असे झाले आहेत की घण मी तिच्या हातातून कधी मागून घेत नाही.

"आई, आम्ही लांब आणलाय! जाड्याला हाकललं!"

"छान केलंत. चल, खड्डा कर."

भिंगरीनं फूटभर खोल खड्डा केला. त्यात रॉड उभा धरला, वरच्या आट्यांवर बोल्ट चढवला, म्हणजे घणाचा मार बोल्टनं खावा आणि आटे शाबूत राहावेत. लेक चार पायऱ्यांच्या शिडीवर चढली. मी रॉड धरला.

"बाबा, हात सांभाळा."

"तू घण सांभाळ. हाताचं मी बघतो."

टण्! पहिल्या घावाला रॉड चार बोटं आत गेला आणि भिंगरीनं उडीच मारली.

आमच्या कामात दोन पद्धती आहेत. एक म्हणजे रॉड पूर्ण ठोकायचा आणि शेवटी एकदा मोजायचं. दुसरी म्हणजे दर दोन फुटांना थांबून मोजायचं. दुसरीला वेळ जास्त लागतो, पण जमीन आपल्याशी बोलत राहते. भिंगरी असल्यामुळे मी दुसरी घेतली.

मोजायचं कसं, तेही तिला दाखवलं. रॉडपासून तीस पावलांवर एक खुंटी, अठरा पावलांवर दुसरी, तिन्ही एका रेषेत. मीटरच्या तीन वायरी तिघांना लावायच्या आणि बटण दाबायचं. मीटर लांबच्या खुंटीतून थोडी वीज जमिनीत सोडतो आणि रॉडपाशी जमीन तिला किती अडवते ते ओहमच्या आकड्यात सांगतो.

"म्हणजे आकडा मोठा तर अडवणूक जास्त?"

"हो. आपल्याला छोटा आकडा हवा. दहाच्या आत."

"आणि नाही आला तर काय होतं?"

"भट्टीच्या आतली एखादी वायर सुटून तिच्या लोखंडी अंगाला लागली, असं समज. आता सगळ्या भट्टीत वीज आली. जमिनीत जायला तिला सोपी वाट असेल तर ती तिकडे धावते, आणि विजेच्या पेटीतला स्विच तिला पकडून लगेच पडतो. वाट अवघड असेल तर ती दबा धरून बसते. कुणीतरी हात लावेपर्यंत."

"कुणीतरी म्हणजे आई," भिंगरी म्हणाली, आणि त्यानंतर मीटर तिनं कुणाच्या हातात दिला नाही.

दोन फुटांना आकडा आला पंचाहत्तर. तिनं चौकटीच्या वहीत टिंब काढलं. चार फुटांना त्रेचाळीस. "आजोबा, पडतोय! धाडकन पडतोय!" सहा फुटांना एकतीस. तिनं तिन्ही टिंबं जोडली. रेघ घसरगुंडीसारखी दिसत होती. वरून सरळ खाली येणारी आणि मग हळूहळू आडवी होणारी.

"आठला किती येईल, सांगू?" तिनं पेन्सिलीनं हवेत रेघ पुढे नेली. "चोवीस. पंचवीस."

चोवीस म्हणजे नापास. पण शेवटच्या दोन फुटांत ओल लागली तर आकडा झपकन खाली येतो, हे मी कितीदा पाहिलं होतं. तसंच होऊ दे, असं मनात म्हणत होतो.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाई लवकर येतायत. दहा मिनिटांत. आधीचं घर बंद निघालं."

मग काय विचारता! लेकीनं राहिलेले दोन फूट असे ठोकले की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. मी बोल्ट काढला, क्लॅम्प चढवला, घरातून आलेली हिरवी तार क्लॅम्पमध्ये घालून पान्यानं आवळली. भिंगरीनं खड्ड्याभोवतीची माती झाडली. सगळं कसं चित्रासारखं दिसायला लागलं, आणि फाटक वाजलं.

इन्स्पेक्टरबाई उंच, चष्म्याच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी भट्टी पाहिली, पेटी पाहिली, स्विचचं बटण दाबून तो पडतो का ते पाहिलं. मान हलवली. मग अंगणात आल्या.

"रॉड किती?"

"आठ फूट."

"दाखवा आकडा."

वायरी लावलेल्याच होत्या. भिंगरीनं बटण दाबलं. मीटरवर आकडा आला.

तीन.

"तीन!" लेक ओरडलीच. "बाबा, तीन!" तिनं मला मागून घट्ट धरलं. मीसुद्धा हसलो. सांगायला लाज वाटते, पण खूप मोठ्यानं हसलो. ओल लागली, खरंच लागली!

"उत्तम," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदाची पाटी काढली.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "असं कसं?"

"कसं म्हणजे? खाली ओली माती लागली."

"पण मग ठोकताना आवाज बदलला असता ना? तो तर टणटणच येत होता." तिनं वही उघडली. "आणि बघा ना. पंचाहत्तर, त्रेचाळीस, एकतीस. आणि तीन? घसरगुंडीच्या शेवटी एकदम विहीर?"

"भिंगरे, बाई लिहितायत," लेक हळूच म्हणाली. "गप्प बस जरा."

भिंगरी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला उत्तर दिलं होतं आणि ते तिला पटलं नव्हतं. आमच्या दोघांत हे पहिल्यांदाच होत होतं. मी नजर चुकवायला म्हणून खाली पाहिलं. खड्ड्यात क्लॅम्प होता, क्लॅम्पमध्ये हिरवी तार होती. तार भिंतीवर चढून घरात गेली होती. घरात ती जुन्या अर्थिंगच्या पट्टीला लागली होती. आणि जुनी पट्टी नळाला.

तार मी सोडलीच नव्हती.

चाळीस वर्षं मी हे काम केलं. घरची तार सोडवल्याशिवाय रॉड मोजायचा नाही, हे मी शिकाऊ पोरांना दहादा घोकून घेतलं असेल. आणि आज घाईत आधी तार जोडली, मग मोजलं. हवा होता तोच आकडा मिळाला, म्हणून त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

बाईंचं पेन सहीच्या रकान्याशी आलं होतं.

"बाई, थांबा," मी म्हणालो. "सही करू नका. हा आकडा आमचा नाही."

लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

"तार जोडलेली राहिली. ही तार नळाला लागलीय, आणि नळ अख्ख्या गल्लीतल्या नळांना. आपण या एका रॉडची परीक्षा घेतली नाही. सगळ्या गल्लीच्या पाइपांची घेतली."

"म्हणजे आपल्या रॉडनं शेजाऱ्याचं बघून लिहिलं!" भिंगरी म्हणाली.

बाईंना हसू आलं. त्यांनी ते चष्मा पुसताना लपवलं. "सोडा तार. पुन्हा मोजा."

मी पाना लावला, तार बाहेर काढली. भिंगरीनं बटण दाबलं.

चोवीस.

"चोवीस! मी म्हटलं होतं चोवीस! आजोबा, माझी घसरगुंडी बरोबर होती, बघा, अगदी टिंबावर..." आणि मधेच तिला कळलं आपण कशावर नाचतोय ते. हात तसाच हवेत राहिला. "म्हणजे नापास."

"नापास," बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. "याच रस्त्यावर मला अजून दोन घरं आहेत. साडेपाचला परत जाताना इथे थांबेन. दहाच्या आत असेल तर सही. नसेल तर पंधरा दिवसांनी. आणि तार सोडूनच मोजायचं. खरं तर ते मीच आधी विचारायला हवं होतं." वहीकडे बोट करून त्या भिंगरीला म्हणाल्या, "हे फेकू नकोस."

त्या गेल्या. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

लेक शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. "बोलायलाच हवं होतं का, बाबा?"

"हो."

"माहीतेय मला. उगाच विचारलं." तिनं तळहातावरचे फोड बघितले. "भट्टीला रोज हात मीच लावणार आहे. पण आता करायचं काय, सांगा पटकन."

"दोन वाटा आहेत. शेजारी दुसरा रॉड ठोकायचा. आकडा निम्म्यावर येईल, बारा-तेरा. नापास. नाहीतर याच रॉडच्या डोक्यावर कपलर लावून दुसरा जोडायचा आणि याला आणखी आठ फूट खाली ढकलायचं."

भिंगरी केव्हाच जमिनीवर पालथी पडून वहीत रेघ पुढे ओढत होती. "सोळा फुटांना चौदा येतात. हेपण नापास, आजोबा."

"तुझी रेघ धरून चालते की खाली सगळी माती अशीच आहे. खाली दगड असेल तर आकडा याहून वाईट. ओल असेल तर चांगला. खाली काय आहे ते मला ठाऊक नाही."

"मला आहे," लेक म्हणाली.

आम्ही दोघांनी मान वळवली.

"गल्लीच्या तोंडाशी त्यांनी नळाच्या कामासाठी मोठा चेंबर खणलाय. मागच्या आठवड्यात मी आत वाकून बघत होते." माझी लेक कुठलाही खड्डा वाकून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. लहानपणापासूनची सवय. "वर पिवळी भुसभुशीत माती आहे. पार माणसाच्या दुप्पट खोलीपर्यंत. आणि तिच्याखाली निळसर चिकणमाती. मी एक बादली मागून आणली. ओली गच्च होती, बाबा. पिळली असती तर पाणी निघालं असतं."

"माणसाच्या दुप्पट म्हणजे अकरा-बारा फूट," मी म्हणालो. "इथेही तोच थर असेल तर..."

"तर घसरगुंडीच्या शेवटी खरीच विहीर!" भिंगरी उठून उभी राहिली होती. "आई, चल! पळ!"

त्या दोघी पळाल्या. मी अंगणात बसून आट्यांमधली माती जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ करत राहिलो. आटे कोरे करकरीत होते. बोल्टनं त्याचं काम केलं होतं. पंधरा मिनिटं गेली. वीस. पंचविसाव्या मिनिटाला फाटकातून आधी रॉडचं टोक आत आलं, मग भिंगरी, मग मधे खूप मोकळी जागा, मग धापा टाकणारी माझी लेक.

"दुकानदार जेवत होता!" भिंगरी ओरडली. "मी म्हटलं तुम्ही जेवा, कपलर कुठे आहे तेवढं सांगा. त्यानं चमच्यानं दाखवलं!"

कपलर म्हणजे आतून आटे असलेली पितळी नळी. खालच्या रॉडवर ती निम्मी फिरवायची, वरून दुसरा रॉड तिच्यात फिरवायचा, दोन्ही टोकं आत एकमेकांना भिडली पाहिजेत. भिंगरीनं तो फिरवला. "भिडला! टक् झालं!" आता खड्ड्यातून पुन्हा आठ फुटांचा रॉड उभा होता, जणू आम्ही काही केलंच नव्हतं.

लेकीनं तळहातांना फडकं गुंडाळलं आणि शिडीवर चढली.

दहा फुटांना वीस. बारा फुटांना सतरा. भिंगरीची टिंबं तिच्या रेघेवर एकामागून एक बरोब्बर बसत होती, आणि आज पहिल्यांदाच तिला ते आवडत नव्हतं. "चूक, चूक ना गं," ती रेघेला म्हणत होती. "एकदा तरी चूक."

पाच वाजून गेले. लेकीचे घाव मंद झाले होते. दहा घाव, मग दम. दहा घाव, मग दम.

"मी घेऊ का?"

"बाबा, तुम्ही फक्त धरा."

टण्. टण्. टण्. आणि मग, बाराव्या फुटापासून थोडं पुढे, धप्प.

तिघंही थांबलो.

"परत मार," मी म्हणालो.

धप्प. रॉड एका घावात चांगला बोटभर आत गेला. माझ्या हातातली त्याची थरथरसुद्धा बदलली होती. मघापर्यंत तो तळव्याला चावत होता, आता नुसता सरकत होता.

"चिकणमाती," लेक वरून म्हणाली. तिनं घण खांद्यावर घेतला आणि ती हसायला लागली. "हीच. मी ओळखते हिला. बादलीत फावडं मारलं की अस्साच आवाज येतो."

चौदा फुटांना अकरा.

"अकरा!" भिंगरीचा आवाज फाटला. "रेघेच्या खाली गेलं! विहीर, आई, विहीर! एकच कमी हवा, एकच!"

"दहाच्या आत म्हणजे नऊ. दोन कमी हवेत," मी म्हणालो.

"आजोबा, आत्ता नका ना शिकवू!"

फाटक वाजलं. बाई पाच मिनिटं आधीच आल्या होत्या. त्यांनी शिडीवरची लेक पाहिली, तिच्या हातातलं घामानं भिजलेलं फडकं पाहिलं, मीटरवरचा आकडा पाहिला.

"किती राहिलंय?"

"दोन फूट," मी म्हणालो.

त्यांनी पाटी भिंतीवर ठेवली, बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. "हलतेय ही. ठोका तुम्ही."

आता दहा घावांनंतर दम नव्हता. लेक मारत होती आणि भिंगरी मोजत होती, बाईसुद्धा मोजायला लागल्या, आणि शेजारच्या खिडकीतून एक आजी मोजत होत्या, त्यांना काय चाललंय ते माहीत नसताना. धप्प, धप्प, धप्प. एकतिसाव्या घावाला बोल्ट खड्ड्याच्या तळापासून चार बोटांवर आला.

"बस!" मी हात वर केला.

लेक शिडीवरच बसली. मी बोल्ट काढला. बाईंनी स्वतः वाकून बघितलं: रॉडला दुसरी कुठलीही तार नाही. हिरवी तार दोन हात लांब, भिंतीशी लोंबतेय. त्यांनी खुंट्यांपर्यंत पावलं मोजून पाहिली. मग भिंगरीला म्हणाल्या, "दाब."

भिंगरीनं दाबलं नाही. "आजोबा, तुम्ही दाबा. मला भीती वाटतेय."

"वाटू दे. मीटरला कळत नाही."

तिनं डोळे मिटले आणि दाबलं. आकडा आम्ही तिघांनी वाचला, तिनं नाही.

"सांगा ना कुणीतरी!"

"उघड डोळे आणि स्वतः वाच," बाई म्हणाल्या.

सात.

ती अंगणाला तीन फेऱ्या मारून आली. मधल्या फेरीत तिनं एक खुंटी उपटली. लेक शिडीवरून उतरली, भिंतीला पाठ टेकून खाली बसली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी घामात मिसळून गेलं. मी क्लॅम्प चढवला, हिरवी तार घातली, पान्यानं आवळली. या वेळी बाईंच्या समोर, सावकाश. जुनी नळाची पट्टी कायमची सोडवली. त्यांनी सही केली.

"आठवा रकाना कसला आहे माहीतेय?" जाता जाता त्यांनी मला कागद दाखवला. "मोजणी कुणी केली. कुणाचं नाव घालू?"

मी भिंगरीकडे बोट केलं. बाईंनी तिला बोलावलं आणि त्या रकान्यात तिला स्वतःच्या हातानं लिहायला लावलं. माझी सही खाली, लहान अक्षरात.

फरशा सकाळपासून भट्टीत रचलेल्या होत्या. लेकीनं दार लावलं, कडी घातली, आणि रुग्णालयात फोन लावून भिंगरीच्या हातात दिला. वॉर्डातल्या परिचारिकेनं मैत्रिणीला दिला.

"रविवारी लागणार!" भिंगरी ओरडली. "भिंत! आत्ता चालू करतोय!"

पलीकडून एक किंचाळी आली आणि मागून कुणाचं तरी रागावणं.

"थांब, थांब, मी स्विच टाकते. आई म्हणाली मीच. एक... दोन..."

खट्. हिरवा दिवा लागला. पेटीतला स्विच जागच्या जागी राहिला. लेकीनं सवयीनं बोटांची उलटी बाजू भट्टीच्या पत्र्याला हलकेच लावली. काही नाही. मग तिनं अख्खा तळहात टेकवला, फोडांसकट, आणि तसाच ठेवला.

"झाली का चालू?" फोनमधून आवाज आला. "मला काहीच ऐकू येत नाही."

"आवाज असा नाहीच आहे. नुसती गुणगुण आहे."

"मग फोन तिच्याजवळ धर ना."

"हात लांब कर, पण दाराला चिकटवू नकोस," लेक म्हणाली. "तापणार आहे ती आता."

भिंगरीनं हात लांब केला. बारा वर्षांत प्रथमच मी तिला एका जागी हलल्याशिवाय उभी असलेली पाहत होतो. भट्टी अगदी बारीक सुरात गुणगुणत होती.

"येतंय!" फोनमधून किंचाळी आली. "ऐकू येतंय! सगळ्यांनी गप्प बसा रे, माझी फरशी भाजतेय!"